झाकलेला फोटो

माझ्या ट्रंकेत एक अहवाल आहे. पिवळा पडलाय, टाचण्या गंजल्यात. शेवटच्या पानावर आभार मानलेत, त्यात तिसरं नाव माझं. ‘श्री. नथू केदारी यांच्या दक्षतेमुळे मोजमापातील मोठा दोष दूर झाला.’ घरात पाहुणे आले की नात तो कागद काढते आणि मोठ्यानं वाचून दाखवते, आमचे आजोबा शास्त्रज्ञ होते म्हणून. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटतं. कसला शास्त्रज्ञ न् कसली दक्षता! आज एकदा सांगूनच टाकतो. मधे बोलू नका, नाहीतर मी चिडेन आणि सांगायचं राहून जाईल.

साल चौऱ्याहत्तर. कुसगावच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर एक लांबलचक पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं गवताच्या गाठी रचून ठेवत. एका प्रयोगशाळेनं ती घेतली, कारण त्यांना फक्त लांबी पाहिजे होती. एका टोकाला लेसरचा दिवा, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा, मधे ऐंशी पावलं. दिवा लावला की पडद्यावर तांबडा ठिपका उमटायचा, जुन्या रुपयाएवढा. डोंगरात बोगदा खणताना ह्या प्रकाशाची रेघ धरून सरळ जायचं, अशी आमच्या गानूसाहेबांची कल्पना होती. पण रेघ धरायची तर ठिपक्याचा मध्य नेमका कुठं ते कळलं पाहिजे, आणि ते डोळ्याला कळत नाही. डोळ्याला ठिपका गोलच दिसतो. म्हणून कॅमेरा, आणि म्हणून मी.

मी कुसगावचाच. बाप शेतकरी, पण मला शेतात गती नव्हती. देहूरोडला एका फोटोवाल्याकडं सात वर्षं काढली होती, जवानांच्या ओळखपत्राचे फोटो काढत. मालक दत्तोबा. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. कुणाच्या हातून फिल्मची एक फ्रेम कोरी गेली की दत्तोबा ती कापून दुकानाच्या दारातल्या दोरीला चिमट्यानं अडकवायचे आणि खाली चिठ्ठी लावायचे, ‘नथूचा पराक्रम’. येणारा-जाणारा खो-खो हसायचा. पहिल्या वर्षी माझे नऊ पराक्रम त्या दोरीवर लटकले. पुढच्या सहा वर्षांत एकही नाही. कोरी फ्रेम म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो.

हे आधी सांगितलं, कारण सगळं इथूनच सुरू झालं.

गानूसाहेब मला पहिल्या दिवशी म्हणाले, "नथू, एका फोटोवर विश्वास ठेवू नकोस. फिल्मचे दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी बसतात. एक फोटो मोजला तर त्या दाण्यांचाच गोंधळ मोजशील. वीस फोटो काढ, वीसही मोज, सरासरी काढ. दाण्यांचा गोंधळ आपोआप मिटतो आणि खरं आहे तेवढं उरतं."

हे मला पटलं. वीस माणसांना विचारावं, तसं.

"पण काही गोंधळ असा असतो," ते पुढं म्हणाले, "की तो रोज त्याच जागी येऊन बसतो. तो वीस फोटोंनी जात नाही, दोनशेनीही जात नाही. त्याला एकच औषध. दिवा फळीनं झाकायचा. बाकी काही हलवायचं नाही, कॅमेरा तसाच उघडा, तेवढाच वेळ, आणि फोटो काढायचा. त्या झाकलेल्या फोटोत जे काही दिसेल ते लेसरचं नाही, आपल्या घरचं आहे. ते उघड्या फोटोतून वजा करायचं. प्रत्येक उघड्या फोटोमागं एक झाकलेला. कळलं?"

"कळलं साहेब," मी म्हणालो. साहेबापुढं मी पुणेरी बोलायचो, आणि सगळं कळल्यासारखं.

मनात मात्र म्हटलं, काय येडा माणूस आहे! अंधाराचा फोटो काढायचा? म्हणजे वीस कोऱ्या फ्रेमा, आपल्या हातानं, मुद्दाम! दत्तोबांना कळलं असतं तर दोरी पुरली नसती.

दिवा झाकायची फळी उचलायला आणि ठेवायला एक माणूस लागायचं. ती हिरी. वरच्या ठाकरवाडीतली, तिशीची, रोजंदारीवर झाडलोट करायची. सकाळी शेड झाडली की दिव्यापाशी स्टुलावर बसायची. मी ऐंशी पावलांवरून, पडद्याशेजारच्या कॅमेऱ्यापाशी उभा राहून ओरडायचो, "उघड!" की ती फळी उचलायची. "झाक!" म्हटलं की ठेवायची. काम एवढंच, पण हात असा हलका की फळीनं दिव्याला कधी धक्का लागला नाही. साहेब म्हणायचे, हिरीसारखा हात माझ्या दोन पदवीधरांनाही नाही.

त्या नोकरीवर तिचं सगळं अवलंबून होतं. वाडीतली माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन खाली कर्जतकडं वीटभट्टीवर जायची, ती उन्हाळ्याअखेरीस परत यायची. हिरीला शेडवर काम लागलं तसं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सावळानं, भट्टीवर जाणं सोडलं. त्यामुळं त्यांची पोरगी चिंगी कुसगावच्या शाळेत बसायला लागली होती. वाडीतली शाळेत टिकलेली ती पहिली पोर. सलग तीन वर्षं भरली की झाडलोटीची माणसं कायम करायची, असा आमच्याकडं नियम होता. हिरीची दोन वर्षं आठ महिने झाले होते. भेटेल त्याला ती सांगायची, "चार म्हयनं ऱ्हायलं. मंग चिंगीला कुनी शाळंतून काडीत न्हाई."

रोज मला विचारायची, "नथूभाऊ, किती दिस ऱ्हायलं वो?" आणि मी रोज बोटं मोजून सांगायचो. त्यात मला मोठेपणा वाटायचा. तिची नोकरी मीच कायम करणार असल्यासारखा!

फोटो काढायची वेळ अकरा ते बारा. घाट चढून गाडी आली की शेड थरथरायची आणि पडद्यावरचा ठिपका नाचायचा. त्या एका तासात गाड्या कमी. एका फोटोला अर्धं मिनिट लागायचं, फिल्म फार बारीक दाण्याची होती. पहिले आठ-दहा दिवस मी साहेबांनी सांगितलं तसं केलं, एक उघडा, एक झाकलेला. ‘उघड’, ‘झाक’, ‘उघड’, ‘झाक’, घसा बसायचा. तासाभरात वीस उघडे जेमतेम व्हायचे, आणि झाकलेले धुऊन पाहिले तर कोरे. एकूण एक कोरे. तेव्हा आभाळ भरलेलं होतं, ऊनच नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात कुठलं यायला!

मग मी माझी अक्कल चालवली. अंधार तो अंधार. दिवा झाकला काय आणि कॅमेऱ्याचं टोपण लावलं काय, फरक काय पडतो? मी हिरीला सांगितलं, फळी उघडीच ठेव. तासाभरात चाळीस उघडे फोटो काढायला लागलो. जेवण झालं की कॅमेऱ्याला टोपण लावून खटाखट वीस झाकलेले उडवायचो, बिडी ओढता ओढता. साहेब खूश. "नथू, चाळीस? वा रे वा!" माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

हिरीनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "नथूभाऊ, दिवा झाकून फोटू काडा म्हनलंवतं ना सायबांनी?"

"तू फोटो काढतीस का मी?"

"तुमीच काडताय. म्या आपलं इचारलं."

"मग फळी धर आणि गप बस."

गप बसली. पण चार-पाच दिवसांनी, काम संपवून मी आवराआवर करत होतो, तेव्हा तिकडून तिचा आवाज आला. "नथूभाऊ, पडद्यावर ऊन येतंय बगा. डाव्या अंगाला. कवडसा हाय."

त्या वेळी तिनं फळी ठेवलेली होती. मी मान वळवून पाहिलं. माझ्या डोळ्यांत तासभर तांबडा ठिपका भरलेला, मला कसला कवडसा दिसतोय! "कुठाय?" म्हटलं. "हाय की, फिकाट हाय. पत्र्याला भोक आसंल." मी म्हणालो, "तुझ्या डोळ्याला भोक पडलंय. ऊठ, दार उघड." ती हसली, मीही हसलो. विषय संपला.

फेब्रुवारी सरता सरता घोटाळा झाला. नेगेटिव्हवरचा काळेपणा मोजणारं एक यंत्र होतं, ते कागदावर रेघ काढायचं. ठिपक्याची रेघ म्हणजे मधे उंच, दोन्हीकडं सारखी उतरती, टेकडीसारखी. आमच्या टेकडीला डाव्या उतारावर एक टेंगूळ आलं. छोटंसंच, पण रोज, त्याच जागी. चाळीस फोटोंची सरासरी काढली तरी जाईना. उलट दाणे मिटले तसं ते जास्तच ठळक झालं. त्या टेंगळामुळं ठिपक्याचा मध्य दोन मिलिमीटर डावीकडं सरकत होता. दोन मिलिमीटर म्हणजे बोगद्यात पुढं हातभर. आणि मार्चच्या अठ्ठावीसला दिल्लीहून माणसं बघायला येणार होती.

सहा मार्चला साहेब तो कागद घेऊन शेडमध्ये आले. एरवी शांत माणूस, त्या दिवशी चेहरा उतरलेला. आम्ही तिघंच होतो, साहेब, मी आणि दिव्यापाशी हिरी.

"झाकलेल्या फोटोत काही नाही, पार कोरे आहेत," साहेब म्हणाले. "म्हणजे हे टेंगूळ आपल्या घरचं नाही. दिव्याबरोबर येतंय. दिव्याच्या काचेवर काहीतरी आहे." त्यांनी वाकून काचेकडं पाहिलं. काचेच्या कडेला एक पुसट डाग होता. कुणाचा ते आजतागायत मला माहीत नाही, माझाही असेल. "इथं हात कोण लावतं?"

मी म्हणालो, "मी तर कॅमेऱ्यापाशी असतो साहेब. इथं हिरी झाडते. पदरानं पुसलं असेल."

हिरी ताडकन उठली. "म्या न्हाई लावला हात. कंदी न्हाई."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "नथू, झाकलेले फोटो मी सांगितलं तसेच काढतोस ना? दिवा झाकून, कॅमेरा उघडा ठेवून?"

बघा, माणूस शहाणा होता. नेमकं तिथंच बोट ठेवलं त्यांनी. मी एवढंच म्हणायचं होतं, ‘नाही साहेब, चुकलो, टोपण लावून काढले.’ काय झालं असतं? शिव्या पडल्या असत्या. चार दिवस तोंड दाखवायला लाज वाटली असती. माझी नोकरी कायम होती, ती काही जात नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढं दत्तोबांची दोरी आली, आणि खाली चिठ्ठी, ‘नथूचा पराक्रम’.

"हो साहेब," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं तसेच."

हिरी माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं. महिनाभर फळी तिनं उघडीच धरली होती, तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? वाटलं, आता ही बोलते. मी पायाशी पडलेली एक टाचणी उचलायला वाकलो, इतका वेळ वाकून राहिलो की कंबर दुखायला लागली. तिनं ब्रसुद्धा काढला नाही.

"काचेला हात लावायचा नाही, हे मी शंभरदा सांगितलं होतं," साहेब तिला म्हणाले. आवाज चढवला नाही. "उद्यापासून येऊ नकोस."

हिरीनं स्टूल उचलून भिंतीकडं ठेवलं, केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि दाराबाहेर गेली. मी मनाची समजूत घातली, अठ्ठावीस तारीख होऊन जाऊ दे, मग साहेबांना गोडीत सांगू.

आता फळीला माणूस नव्हतं. दोन दिवस मी फळी उघडीच ठेवून काम केलं. काच तर स्पिरिटनं तीनदा पुसली होती. टेंगूळ जसंच्या तसं! साहेबांना मी ते दोन दिवस सांगितलंच नाही, फोटो बिघडले म्हणालो. चौथ्या दिवशी मात्र जीव घाबरा झाला. काम संपल्यावर दिवा झाकायला म्हणून मी स्वतः ऐंशी पावलं चालत गेलो, फळी ठेवली, आणि भिंतीकडचं हिरीचं स्टूल तिथं ओढून त्यावर बसलो. बराच वेळ तसाच बसलो होतो. शेडमध्ये काळोख. डोळ्यांतला तांबडा ठिपका हळूहळू विझला.

आणि मला तो दिसला. पडद्याच्या डाव्या अंगाला, फिका पिवळट, लांबट कवडसा. अगदी फिका. कॅमेऱ्यापाशी उभं राहून तो कधीच दिसला नसता. हिरीच्या जागेवर, हिरीसारखं अंधारात बसलं तरच दिसत होता.

मी उठून त्याच्या मागावर गेलो. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, सुपारीएवढं. त्यातून ऊन खाली आलेलं, एका खोक्यावर पडलेलं. आणि खोक्यावर काय होतं? माझा जेवणाचा डबा! पितळेचा, कडीचा. माझी बायको नंदा रोज चिंचेनं घासून लखलखीत करायची. रोज त्याच खोक्यावर, त्याच जागी मी तो ठेवायचो. त्याच्या झाकणावरून ऊन उडत होतं ते थेट पडद्यावर. आभाळ निवळल्यापासून रोज अकरा ते बारा. मी डबा उचलला, कवडसा गेला. ठेवला, आला. पाच-सहा वेळा केलं असेल. मग तिथंच खाली बसलो आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारून घेतली, सांगायला लाज वाटते.

मग दिवा झाकून, कॅमेरा उघडा ठेवून मी एक फोटो काढला. टोपण लावायला लागल्यापासूनचा पहिला खरा झाकलेला फोटो. धुतला. कोऱ्या नेगेटिव्हवर डाव्या बाजूला राखेच्या बोटासारखा एक डाग होता. तोच.

त्या दिवशी सायंकाळी साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो होतो मी. आत साहेब फोनवर दिल्लीशी बोलत होते, "सगळं तयार आहे" म्हणत होते. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी भोकाला डांबर लावलं, डबा बाहेर ठेवायला लागलो, आणि टेंगूळ गेलं. साहेब म्हणाले, "बघ, काच स्वच्छ राहिली की कसं होतं!" मी मान हलवली.

अठ्ठावीस तारीख उत्तम पार पडली. दिल्लीच्या माणसांनी पाठ थोपटली. एक एप्रिलला मी साहेबांना सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. भोक सांगितलं, डबा सांगितला.

"मग झाकलेल्या फोटोत तो का आला नाही?" साहेबांनी लगेच विचारलं.

"झाकलेले मी जेवणानंतर काढायचो साहेब. तोवर ऊन सरकलेलं असायचं."

एक खोटं पचलं की दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत. साहेबांनी कपाळाला हात लावला, "अरे, मागोमाग काढायचे असतात!" म्हणाले, थोडं रागावले, आणि मग हसले. "पण शोधलंस, हे महत्त्वाचं. हे लिहायला पाहिजे अहवालात. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल." आणि एकदम गंभीर झाले. "म्हणजे त्या बाईचा दोष नव्हता, नथू. फार वाईट झालं. आत्ताच्या आत्ता जा आणि तिला घेऊन ये."

मी पळतच वाडीवर गेलो. मला वाटत होतं, सुटलो.

हिरी वाडीखालच्या खाचरात राब भाजायची तयारी करत होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरत होती. चिंगी शेजारी पाला ओढून आणत होती. शाळेच्या वेळेला.

"हिरे, चल," मी लांबूनच म्हणालो. "साहेबांनी बोलावलंय. काचेचं काही नव्हतं. कवडसाच होता तो. पत्र्याला भोक होतं!"

"व्हय," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "त्ये म्या सांगितलंवतं."

"हो, सांगितलं होतंस. माझंच चुकलं."

"चार म्हयन्यांचं काय?"

तिच्या डोक्यात तेवढंच होतं, आणि ते मला यायच्या आधी ठाऊक होतं. कारण निघताना मी कचेरीत विचारलं होतं. कारकून म्हणाला होता, पंधरा दिवसांच्या आत परत घेतलं असतं तर काही अडचण नव्हती. साहेबांनी एक ओळ लिहिली असती, चालून गेलं असतं. आता पंचवीस दिवस झाले, खंड पडला. येऊ दे तिला, पण तीन वर्षं पहिल्यापासून.

पंधरा दिवसांच्या आत. मला चौथ्या दिवशी कळलं होतं.

"खंड पडला म्हणतात," मी म्हणालो. "पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पण रोजंदारी आहेच की. तीन वर्षं काय, अशी जातील."

तिनं हातातला पाला खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "सायेब सांगायचं ना, नको त्ये वजा करायचं म्हनून? ह्ये पंचीस दिस न्हाई व्हय वजा व्हत?"

मी चपलेत शिरलेला पाला काढत बसलो.

"सायबाला काय सांगितलंत?" तिनं विचारलं.

"भोकाचं सांगितलं. डब्याचं."

"आन टोपनाचं?"

मी दुसरी चप्पल काढून झटकली.

"कवडसा कुनी दावला त्ये?"

मी चिंगीकडं बघत राहिलो. पोरगी पाल्याचा भारा घेऊन उभी होती, आमच्या तोंडाकडं टकामका बघत.

"तू का नाही बोललीस त्या दिवशी?" मी एकदम भडकलो. होय, मीच भडकलो तिच्यावर, आणि तेही गावच्या बोलीत. "सांगायचं व्हतंस की सायबाला, नथू टोपान लावून काडतुया म्हनून! तोंडात काय गूळ धरलावतास?"

"माझं खरं वाटलं आसतं व्हय?" हिरी म्हणाली. रागानं नाही, साधंच विचारलं तिनं. "तुमी सायबाचं लाडकं. म्या झाडनारी. म्या आपली तुमच्याकडं बगत ऱ्हायले. म्हनलं, आता बोलत्याल, आता बोलत्याल. तुमी टाचनी येचीत बसलात."

मग ती पुन्हा वाकून पाला पसरायला लागली. मी म्हणालो, "हिरे, उद्या सांगतो. सगळं सांगतो. साहेब वरपर्यंत लिहितील, खंड काढून टाकतील." मनापासून म्हणालो होतो.

"सांगा," ती म्हणाली. "सांगितलं की निरोप धाडा. म्या येते."

वाडीवरून खाली येईपर्यंत माझा निश्चय पक्का होता. शेडपाशी आलो तर साहेब बाहेरच उभे, हातात अहवालाचा कच्चा मसुदा. "नथू, हे बघ, तुझं नाव घातलंय." आणि ते वाक्य वाचून दाखवलं त्यांनी, दक्षतेचं. माझं नाव छापून येणार होतं. आमच्या घराण्यात लग्नपत्रिकेखेरीज कुणाचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. बाप वारला होता, आईला वाचता येत नव्हतं, पण तिला बोट ठेवून दाखवता आलं असतं.

"ती काय म्हणाली? येतेय ना?" साहेबांनी विचारलं.

"विचार करून सांगते म्हणाली," मी म्हणालो.

बस. एवढंच. ह्याहून मोठं काही मी आयुष्यात केलं नाही, आणि ह्याहून नीच काही केलं नाही.

निरोप मी धाडला नाही. साहेब वर्षभरात बदलून गेले आणि शेड पुन्हा गवतवाल्याला मिळाली. मला पुण्याच्या प्रयोगशाळेत बढतीनं घेतलं, अहवालातलं ते वाक्य बघूनच. दिवाळी झाल्यावर एकदा गावी आलो होतो, तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात सावळा भेटला. भट्टीवर निघालो म्हणाला, सगळीच. बाजूला हिरी होती, डोक्यावर बोचकं आणि वर उपडी टोपली. चिंगीच्या कडेवर शेजाऱ्याचं पोर होतं. मी विचारलं, "चिंगीची शाळा?" सावळा नुसता हसला. हिरीनं तोंड फिरवलं नाही, काही नाही. वाट बघितल्यासारखं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं तिनं, तसंच, त्या दिवशी पाहिलं होतं तसं. मी तेव्हाही बोललो नाही. मला पुण्याची गाडी गाठायची होती.

डाग आलेला तो झाकलेला फोटो अहवालाच्या पानांत ठेवलेला आहे. नात विचारते, ही कोरी फिल्म कशाला ठेवलीत? उजेडावर धरली की डावीकडचा डाग दिसतो, पण तिला तो दिसत नाही. ती म्हणते, काही नाहीये हो आजोबा. मी तिच्या हातून काढून घेतो.

पुण्यात मी पुढं एकवीस वर्षं कॅमेऱ्यावर काम केलं. प्रत्येक उघड्या फोटोमागं दिवा झाकून एक फोटो काढला. साहेबांचा तो नियम एकदाही मोडला नाही. नवी पोरं म्हणायची, केदारी म्हणजे फार काटेकोर माणूस. त्या काटेकोरपणाचा हिरीला काय उपयोग झाला, ते मात्र मला विचारू नका.